वकील लावायची ऐपत नसली तरी दाद मागता येते

मागच्या अंकात पोटगीच्या प्रश्नाला उत्तर देताना मोफत विधी सेवेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या बहुतेक पत्रांत त्याचीच विचारणा आहे, म्हणून या अंकातील सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. काही प्रकरणे न्यायालयात चालू असल्याने पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (गेवराई तालुका, जि. बीड) : माझ्या लग्नाला सात वर्षे झाली, दोन मुले आहेत. नवरा चाकणला कंपनीत कामाला आहे. मारहाण करून त्याने मला मुलांसह माहेरी आणून सोडले आणि आता तो फोनही उचलत नाही. माझ्या वडिलांच्या नावावर पाच एकर जमीन आहे, म्हणून मला मोफत वकील मिळणार नाही, असे गावातले जाणकार सांगतात. पुण्याला खेटे घालण्याची आमची ताकद नाही. वकीलताई, मी काय करावे?

उत्तर : ताई, गावात सांगतात ते खरे नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये मोफत विधी सेवेचा हक्क कोणाला आहे ते दिले आहे आणि त्यात स्त्रिया व मुले यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. वडिलांची पाच एकर असो की पंचवीस, तुमच्या हक्काला त्याने बाध येत नाही. तुम्ही स्त्री आहात, एवढे पुरेसे आहे.

पुण्याला जाण्याचीही गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 प्रमाणे पीडित स्त्री जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत गेवराईच्या न्यायालयात. पोटगीचा अर्जही तुम्ही राहता त्याच ठिकाणी चालतो. तारखांना चाकणहून यावे लागेल ते तुमच्या नवऱ्याला.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगते. गेवराईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथे जाऊन मोफत वकील हवा असल्याचा अर्ज मागा. अर्ज छापील नमुन्यावर असतो, पण नमुना मिळाला नाही तर साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्जही चालतो, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेऊन त्यावर अंगठा किंवा सही घेणे हे तिथल्या माणसांचे काम आहे. नाव, पत्ता, लग्न कधी झाले, काय घडले, मुलांची वये किती आणि तुम्हाला न्यायालयाकडून काय हवे आहे, एवढे त्यात यावे. आधार कार्डाची प्रत, लग्नाचा काही पुरावा, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद किंवा पोलिसांत दिलेली तक्रार असेल तर तिची प्रत सोबत जोडा. एखादा कागद नाही म्हणून घरी थांबू नका, तो मागाहून देता येतो. अर्जाची पोच मात्र शिक्का आणि तारखेसह घ्या, कारण नियमाप्रमाणे अशा अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा आणि ते सात दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

वकील नेमला गेल्यावर त्याची फी, अर्ज टंकलिखित करण्याचा खर्च, समन्स बजावणीचा खर्च, निकालाच्या नकला या कशासाठीही तुम्हाला पैसे द्यायचे नाहीत. न्यायालय शुल्काचा प्रश्न तर तुमच्यापुढे एरवीही आला नसता, कारण पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबींत महाराष्ट्र शासनाने 1994 पासूनच स्त्रियांना त्या शुल्कातून सूट दिलेली आहे. त्या वकिलाकडे आग्रहाने दोन गोष्टी मागा. पहिली, मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंत मुले उपाशी राहणार नाहीत. दुसरी, उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे शपथपत्र दोन्ही बाजूंनी देणे आवश्यक ठरवले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही सांगितले. त्यामुळे अर्ज जितका उशिरा जाईल तितके तुमचेच नुकसान आहे.

तालुक्याला जाणेही अवघड असेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा. तो देशभर एकच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तुमच्या भागातील संरक्षण अधिकाऱ्यांनाही भेटा, कारण तुम्हाला विधी सेवा मिळवून देणे हे 2005 च्या कायद्याने त्यांच्यावर सोपवलेले कर्तव्य आहे.

प्रश्न (औसा, जि. लातूर) : मी निवृत्त शिक्षक आहे. गावात कोणी अडचणीत आले की माझ्याकडे येते. ही मोफत वकिलाची व्यवस्था नेमकी कोणाची, वरपासून खालपर्यंत ती कशी बांधलेली आहे आणि तिचा पैसा कोठून येतो? सरकार बदलले की ही योजना बंद पडते काय?

उत्तर : गुरुजी, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ही एखाद्या सरकारची योजना नाही. तिचे मूळ संविधानात आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद 39-क आला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकाला न्याय मिळवण्याची संधी नाकारली जाऊ नये यासाठी राज्याने मोफत विधी साहाय्याची तरतूद करावी, असा त्याचा आशय आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्यामुळे नुसत्या त्याच्या बळावर न्यायालयात जाता आले नसते, पण पुढच्या काही वर्षांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला अनुच्छेद 21 मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी जोडले. 1978 चा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आपल्याच राज्यातील प्रकरणातून आला. निकालाची प्रत कैद्याच्या हाती वेळेवर न पडल्याने अपिलाची मुदत निघून जाते, तेव्हा त्याचा अपिलाचा हक्क नुसता कागदावर उरतो, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात मांडले आणि कैद्याला निकालाची प्रत व वकील दोन्ही मोफत मिळाले पाहिजेत असे सांगितले. लगेच 1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचे हुसेनारा खातून प्रकरण आले आणि न्यायमूर्ती भगवती यांनी मोफत वकील हा न्याय्य खटल्याचा अविभाज्य भाग ठरवला. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली 1980 मध्ये केंद्राने समिती नेमली. त्यानंतर 1987 मध्ये संसदेने विधी सेवा प्राधिकरण अधिनियम केला, पण तो अमलात यायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडला. म्हणून 9 नोव्हेंबर हा विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्याने उभी केलेली रचना न्यायसंस्थेच्या उतरंडीबरोबरच चालते, आणि मला त्यातले शहाणपण इथेच दिसते. दिल्लीत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आहे, ज्याला सगळे नाल्सा म्हणतात. भारताचे सरन्यायाधीश त्याचे मुख्य आश्रयदाते असतात आणि सर्वोच्च न्यायालयाचे कार्यरत किंवा निवृत्त न्यायाधीश कार्याध्यक्ष असतात. धोरण ठरवणे, विनियम करणे, राज्यांना निधी वाटणे आणि कामावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. खुद्द सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी वेगळी सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती आहे. राज्यात मुंबईला महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती त्याचे आश्रयदाते असतात आणि उच्च न्यायालयाचे कार्यरत किंवा निवृत्त न्यायमूर्ती कार्याध्यक्ष. उच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी उच्च न्यायालय विधी सेवा समिती आहे आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठासाठी तिची उपसमिती आहे, त्यामुळे औशाच्या माणसाला अपिलात किंवा रिट याचिकेत मोफत वकील हवा असेल तर मुंबई गाठावी लागत नाही. जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, पण रोजचा कारभार पूर्णवेळ सचिव पाहतात आणि ते स्वतः न्यायिक अधिकारी असतात. तालुक्यात तिथले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष असतात. म्हणजे औशाच्या न्यायालयापासून दिल्लीपर्यंत ही एक सलग साखळी आहे आणि तिच्या प्रत्येक कडीवर न्यायाधीश बसलेले आहेत. तहसील किंवा पंचायत समितीतल्या योजनांप्रमाणे इथे शिफारसपत्र लागत नाही, हे गावात ज्याला त्याला सांगा.

पैशाचे म्हणाल तर कायद्यानेच राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर विधी साहाय्य निधी स्थापन केले आहेत. केंद्राचे अनुदान नाल्साकडे येते आणि तिथून राज्यांना जाते. राज्य सरकारही आपल्या अर्थसंकल्पातून तरतूद करते. वकिलांचे मानधन, न्यायालयीन खर्च, शिबिरे हे सारे त्यातून भागते. पॅनेलवरील, म्हणजे विधी सेवेच्या यादीतील वकिलांना मिळणारे मानधन खाजगी फीच्या मानाने फार कमी आहे आणि ते वाढल्याशिवाय चांगले वकील या कामात टिकणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिबिरांच्या मंडपावर खर्च होणारा पैसाही वकिलांच्या मानधनाकडे वळवला, तर गरिबाचा त्यात अधिक फायदा होईल.

तुमच्याकडे लोक येतात म्हणून एक सुचवते. जिल्हा प्राधिकरण गावातील जबाबदार स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन विधी स्वयंसेवक म्हणून नेमते, ज्यांना पीएलव्ही म्हणतात. वकिली करणे हे त्यांचे काम नव्हे. माणसाला योग्य दारापर्यंत नेणे, अर्ज लिहून देणे, पोलिस ठाण्यात किंवा तुरुंगात विधी सेवेची माहिती देणे ही त्यांची कामे. त्यात निवृत्त शिक्षकांनाही स्थान आहे. लातूरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात सचिवांना भेटून पुढची निवड कधी आहे ते विचारा. तुम्ही आज जे आपुलकीने करता आहात, त्याला ओळखपत्र आणि यंत्रणेची साथ मिळेल.

प्रश्न (जिंतूर तालुका, जि. परभणी) : आमच्या शेताचा पूर्वापार रस्ता शेजाऱ्याने नांगरून बंद केला. सोयाबीन काढून बाहेर आणायला वाट नाही. मी खुल्या प्रवर्गातला, तीन एकर कोरडवाहू. जातीच्या लोकांनाच मोफत वकील मिळतो म्हणतात. शिवाय हे प्रकरण कोर्टात नाही, तहसीलला आहे. मग माझ्यासाठी काही सोय आहे का?

उत्तर : आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता हा हक्क आहे हे खरे, पण इतरांसाठीही दारे आहेत. अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, वेठबिगारी किंवा मानवी व्यापाराचा बळी, या सर्वांना जात न विचारता हा हक्क आहे. यापैकी कशातच न बसणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात 3 लाख रुपयांपेक्षा कमी असेल, तर तोही पात्र ठरतो. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणासाठी ही मर्यादा 5 लाख रुपये आहे. तीन एकर कोरडवाहूवर तुमचे उत्पन्न त्या मर्यादेच्या आतच असणार. कायद्याच्या कलम 13 प्रमाणे उत्पन्नाबाबत तुम्ही केलेले शपथपत्र पुरेसे मानता येते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाती असेल तर काम सोपे होते एवढेच, पण दाखला नाही या कारणासाठी तुमचा अर्ज परत करता कामा नये.

मराठवाड्यातील वाचकांनी कलम 12 मधील आणखी एक ओळ लक्षात ठेवावी. दुष्काळ, पूर, भूकंप, औद्योगिक आपत्ती, जातीय अत्याचार यांचा बळी ठरलेल्या व्यक्तीलाही मोफत विधी सेवा मिळते आणि या गटाला उत्पन्नाची मर्यादा लावलेली नाही. 1993 चा किल्लारीचा भूकंप, वारंवार येणारे दुष्काळ आणि 2025 च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टी पाहिलेल्या आपल्या प्रदेशासाठी ही तरतूद मोलाची आहे. पीक विमा नाकारला, खरवडून गेलेल्या जमिनीचा पंचनामाच झाला नाही, अनुदान दुसऱ्याच्या खात्यात गेले, अशा तक्रारींत आपत्तिग्रस्त म्हणून अर्ज करता येतो. तो फारसा कोणी करत नाही याची मला खंत वाटते.

तहसीलची अडचणही खरी अडचण नाही. या अधिनियमात न्यायालय या संज्ञेत दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांबरोबर महसुली न्यायालय, न्यायाधिकरण आणि अर्धन्यायिक काम करणारे प्राधिकारीही येतात. म्हणून तहसीलदारांपुढील रस्त्याच्या दाव्यातही तुम्हाला मोफत वकील मागता येतो. मात्र घाई करा. अस्तित्वातील वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दावा करायचा असतो आणि तो अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत केला पाहिजे. शेजाऱ्याने नांगर कधी घातला, ती तारीख पक्की करा. शेताचा सातबारा, गावनकाशा, नांगरलेल्या वाटेचे फोटो आणि ती वाट वापरणाऱ्या दोन-तीन शेतकऱ्यांची नावे घेऊन जिंतूरच्या न्यायालयातील तालुका समितीकडे जा. वाट मुळात कधी नव्हतीच आणि नवी हवी असेल, तर मार्ग वेगळा. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करावा लागतो. तुमच्या पत्रावरून तुमचे प्रकरण पहिल्या प्रकारचे दिसते.

प्रश्न (वडवणी तालुका, जि. बीड) : माझा धाकटा भाऊ आणि भावजय कोयता घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात गेले आहेत. मुकादमाने उचल देताना कोऱ्या मुद्रांकावर दोघांचे अंगठे घेतले. हंगामाच्या मध्यात भावजय आजारी पडली तरी त्यांना येऊ देत नाहीत. उचल फिटल्याशिवाय हलायचे नाही म्हणतात. पोलिसांत गेलो तर हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी प्रकरण आहे, असे सांगून परत पाठवले.

उत्तर : दादा, आधी भावजयीच्या प्रकृतीचे पाहू. 15100 वर आजच फोन करा आणि ते दोघे नेमके कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कोणत्या गावाच्या शिवारात आहेत ते सांगा. विधी सेवा प्राधिकरणे प्रत्येक राज्यात आहेत, त्यामुळे बीडच्या प्राधिकरणाला कर्नाटकातील संबंधित जिल्हा प्राधिकरणाशी संपर्क साधता येतो. त्याच वेळी बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या.

घेतलेले पैसे परत मागणे हा व्यवहार असू शकतो, पण पैसे फिटेपर्यंत माणसाला जागेवरून हलू न देणे हा व्यवहार नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला आणि सक्तीच्या श्रमाला बंदी केली आहे. 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, भुकेपोटी दुसरा पर्याय नाही म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबणे हेही सक्तीचे श्रमच आहेत. वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, 1976 प्रमाणे वेठबिगारीपोटीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. याहून महत्त्वाचे म्हणजे मजुराने हे कर्ज वेठबिगारीचे आहे असे म्हटल्यावर, ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने सावकारावर टाकला आहे. मुकादमाच्या हातातील त्या कोऱ्या मुद्रांकाची भीती तुमच्या घरात सगळ्यांना आहे, ती या तरतुदीमुळे बरीच कमी व्हावी. प्रत्येक उचल वेठबिगारीत मोडते असे नाही. ते त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरते. पण आजारी स्त्रीलाही जाऊ न देणे ही वस्तुस्थिती फार बोलकी आहे.

कलम 12 मध्ये वेठबिगारीच्या बळीचा उल्लेख असल्यामुळे तुमच्या भावाला उत्पन्नाची अट नाही, आणि भावजय स्त्री म्हणून आधीच पात्र आहे. उचल किती, कोणत्या तारखेला आणि कोणासमोर घेतली, आतापर्यंत किती टन ऊस तोडला, खर्चीला किती पैसे मिळाले, हे भावाकडून फोनवर विचारून वहीत लिहून ठेवा. पुढे हिशेबाचा वाद आला की तीच वही उपयोगी पडेल.

प्रश्न (वसमत तालुका, जि. हिंगोली) : शेतातील पाणबुडी मोटार चोरल्याच्या आरोपावरून माझा मुलगा दहा महिन्यांपासून तुरुंगात आहे. पहिला गुन्हा आहे. एका वकिलाला सुरुवातीला पैसे दिले, पुढचे देता आले नाहीत, आता ते तारखेला उभे राहत नाहीत. फुकटचा वकील वाईट असतो, असे सगळे म्हणतात, म्हणून मी थांबलो. काय करू?

उत्तर : काका, थांबू नका. मोफत वकील वाईटच असतो ही समजूत अनेक घरांना महागात पडली आहे. फौजदारी प्रकरणांसाठी नाल्साने 2022 पासून नवी पद्धत सुरू केली आहे. तिला विधी साहाय्य बचाव वकील पद्धत म्हणतात. यात मुख्य, उपमुख्य आणि साहाय्यक असे वकील पूर्णवेळ नेमले जातात, त्यांचे स्वतःचे कार्यालय असते आणि ते खाजगी प्रकरणे घेत नाहीत. सरकारच्या बाजूने जसे पूर्णवेळ अभियोक्ते उभे राहतात, तसेच गरीब आरोपीच्या बाजूने उभे राहणारे हे वकील आहेत.

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला हा हक्क आहे, मग त्याच्या घरची परिस्थिती कशीही असो. मुलगा तुरुंगातूनच अर्ज करू शकतो. तुरुंगात विधी साहाय्य केंद्र असते, तिथे पॅनेलचे वकील आणि स्वयंसेवक ठराविक दिवशी येतात, आणि अर्ज पुढे पाठवणे हे तुरुंग अधीक्षकांचे कर्तव्य आहे. तुम्हीही जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे अर्ज करू शकता. आधीच्या वकिलांकडून वकीलपत्र मागे घेतल्याचे किंवा हरकत नसल्याचे लिहून घ्या. ते टाळत असतील तर तसे अर्जातच नमूद करा.

आता दहा महिन्यांचे. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. तुमच्या मुलावर केवळ हाच एक गुन्हा असेल, तर ती मुदत एक वर्षाने भरते. तोपर्यंत वाट पाहायलाच हवी असेही नाही. नियमित जामिनाचा अर्ज आजही करता येतो आणि नव्या वकिलाने पहिले काम तेच करावे. आरोपपत्रात नेमके कोणते कलम लावले आहे ते मात्र आधी पाहून घ्या, कारण कलम बदलले की ही मुदतही बदलते. जामीन मिळूनही जामीनदार न मिळाल्याने माणूस आत राहिला, तर सात दिवसांनंतर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. जामिनाच्या रकमेसाठी अडलेल्या गरीब कैद्यांकरिता केंद्राने 2023 मध्ये साहाय्य योजनाही आणली आहे.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या रिमांडच्या दिवशी होते. रात्री उचललेला तरुण दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभा केला जातो, वकील आहे का असे विचारल्यावर तो मान खाली घालून नाही म्हणतो आणि काही मिनिटांत कोठडीचा हुकूम होतो. वास्तविक पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला, तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, हे सांगणे न्यायदंडाधिकाऱ्यांचे बंधनकारक कर्तव्य आहे. 2012 मध्ये कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले. म्हणून त्या दिवशी घरच्यांपैकी कोणीतरी न्यायालयात हजर राहावे आणि आम्हाला विधी सेवेचा वकील हवा आहे, एवढे एक वाक्य मोठ्याने बोलावे. रिमांडसाठी वकील त्याच दिवशी, तिथल्या तिथे मिळतो.

प्रश्न (जालना शहर) : बँकेकडून लोक अदालतीची नोटीस आली आहे. गेलो तर जबरदस्तीने सही घेतील काय?

उत्तर : नाही. लोक अदालतीत तडजोड दोघांच्या संमतीनेच होते. हप्ते परवडणारे नसतील तर नाही म्हणा, तुमचे हक्क जसेच्या तसे राहतात. सही करण्यापूर्वी मात्र पूर्ण वाचा, कारण लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. वाचता येत नसेल तर तिथे हजर असलेल्या विधी सेवेच्या वकिलाकडून समजून घ्या. न्यायालयात चालू असलेला दावा असा मिटला, तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते.

प्रश्न (परंडा तालुका, जि. धाराशिव) : मी विधवा आहे. दिराने जमिनीच्या फेरफारावरून माझे नाव वगळले, त्या दाव्यात मला मोफत वकील मिळाले. पण ते दर तारखेला झेरॉक्स आणि चहापाण्यासाठी म्हणून पैसे मागतात आणि मागच्या दोन तारखांना आलेच नाहीत. तक्रार केली तर आहे तो वकीलही जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, तुमची भीती मी समजू शकते, पण ती बाळगू नका. नाल्साच्या 2010 च्या विनियमांप्रमाणे पॅनेलवरील वकिलाने पक्षकाराकडून फी, मानधन किंवा कोणतीही मौल्यवान वस्तू मागायची नाही आणि घ्यायचीही नाही. झेरॉक्सचा खर्चसुद्धा प्राधिकरणाकडून मिळतो. असे मागणाऱ्या वकिलाचे नाव पॅनेलवरून कमी होऊ शकते. तुमचा हक्क त्या वकिलाशी जोडलेला नाही. वकील बदलला तरी विधी सेवा चालूच राहते.

ज्या समितीकडून वकील मिळाले, तिच्या अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहा. दाव्याचा क्रमांक, वकिलांच्या नेमणुकीचे पत्र, ते गैरहजर होते त्या तारखा आणि दिलेले पैसे, एवढे त्यात असावे. त्याची एक प्रत धाराशिवच्या जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना द्या. मोफत वकील दिलेल्या प्रकरणांची प्रगती पाहण्यासाठी तिथे देखरेख समिती असते आणि वकिलांनी तिला वेळोवेळी अहवाल द्यायचा असतो. त्यामुळे तुमच्या दाव्यात काय झाले हे सचिव त्यांच्याकडून मागवू शकतात. नवा वकील द्यावा ही मागणी त्याच अर्जात स्पष्ट करा. अर्ज फेटाळला गेलाच, तर त्याविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

आणखी एक काम त्याआधी करा. मागच्या दोन तारखांना न्यायालयात काय झाले, तुमच्या गैरहजेरीत काही आदेश झाला का, हे न्यायालयाच्या कार्यालयात दाव्याचा क्रमांक सांगून लगेच विचारा. दावा काढून टाकल्याचा किंवा तुमचा पुरावा बंद केल्याचा आदेश झालेला असेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी मुदत असते, आणि तो अर्ज नव्या वकिलाच्या नेमणुकीची वाट न पाहता समितीकडून तातडीने दाखल करून घ्यावा लागेल.